फ्रीजरमधला वास : घालवण्याआधी ओळखायला हवा



मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आठवडाभर गावी गेलो होतो. परत आल्यावर फ्रीजर उघडला आणि नाकाला पदर लावायची वेळ आली. जाण्याच्या घाईत बांगडे आतच राहिले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वळवाच्या पावसात दोन दिवस लाईट नव्हती." पण आता लाईट होती, फ्रीजर चालू होता आणि बांगडे दगडासारखे गोठलेले होते. मी म्हटलं, फ्रीजरमध्येच तर होते, स्वच्छ धुऊन घेऊ. सासूबाईंनी मात्र पिशवीखालचा लालसर बर्फाचा थर दाखवला. "हे बघ, मासळी एकदा सुटलेली आहे. पाणी खाली उतरून परत गोठलंय. हात लावू नकोस."

बांगडे टाकले. मग मी खाण्याच्या सोड्याने फ्रीजर पुसला, तरी वास जाईना. लिंबाने गेला! शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात हा किस्सा सांगितला तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, सोडा का नाही चालला?" तिच्या प्रश्नामुळेच आजचा हा पाठ लिहीत आहे.

वास म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पदार्थाचे रेणू हवेत मिसळून आपल्या नाकापर्यंत पोहोचतात, तेव्हा आपल्याला वास येतो. हवेत असं पसरण्याला आपण वर्गात विसरण म्हणतो. थंडीत रेणू कमी प्रमाणात बाहेर पडतात, म्हणून नीट चालणाऱ्या फ्रीजरला फारसा वास नसतो. कमी असतो, पण अजिबात नसतो असं नाही. बर्फसुद्धा न वितळता थेट वाफ होऊन उडतो (संप्लवन). म्हणून तर ट्रेमधले जुने बर्फाचे खडे बारीक झालेले दिसतात. तसेच वासाचे रेणूही हळूहळू बाहेर पडत राहतात आणि लोणी, खवा, आइस्क्रीम अशा स्निग्ध पदार्थांत जाऊन बसतात. बर्फाचे खडेही वास धरतात. सरबताला कांद्याचा वास आला, तर दोष सरबताचा नसतो!

ज्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर साचत नाही (फ्रॉस्ट फ्री), त्यात पंख्याने हवा फिरवली जाते. त्यामुळे एका कप्प्यातला वास दुसऱ्या कप्प्यात लवकर पोहोचतो.

फ्रीजर जंतूंना मारत नाही

हा मुद्दा मुलांना आणि मोठ्यांनाही आवर्जून सांगावा. फ्रीजरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावं. या तापमानाला जिवाणूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. वीज गेली, पदार्थ सुटला की ते पुन्हा कामाला लागतात. वीज आल्यावर पदार्थ परत गोठतो आणि वरून जसाच्या तसा दिसतो. मधल्या काळात काय घडलं याची बातमी फक्त वास देतो, आणि तीही दरवेळी देतोच असं नाही.

बांगडा, कुपा यांसारखे मासे गरम हवेत राहिले की त्यांत जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं, उलटी-जुलाब असे त्रास होऊ शकतात. हिस्टामिन शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. माशाला फारसा घाण वास नसतानाही ते असू शकतं. म्हणून "मसाला जास्त घालू, चांगलं तळू" हा उपाय नाही.

वीज गेली होती का, हे कसं ओळखावं?

१. ट्रेमधले बर्फाचे खडे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाले आहेत का?
२. पिशव्यांखाली रंगीत पाणी गोठलेलं आहे का?
३. आइस्क्रीमचा डबा एका बाजूला कलून गोठला आहे का?

बाहेरगावी जाताना एक सोपी युक्ती करा. वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाशी गेलं असेल तर सगळा बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. मग मासळी, मटण, चिकन, दुधाचे पदार्थ विचार न करता टाकावेत.

साधारण हिशेब असा : वेगळं दार असलेला मोठा फ्रीजर पूर्ण भरलेला आणि बंद राहिला तर सुमारे ४८ तास थंडी टिकते, अर्धा भरलेला असेल तर सुमारे २४ तास. एक दाराच्या फ्रिजमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्याला हा हिशेब लावू नये, तो फार लवकर सुटतो. वीज आल्यावर पदार्थात अजून बर्फाचे कण असतील तर तो परत गोठवता येतो. नाशवंत पदार्थ ४ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिला असेल तर तो टाकावा.

सोडा की लिंबू?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मासळीचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या पदार्थाचा असतो. समुद्री माशाच्या अंगातल्या एका बिनवासाच्या घटकापासून जिवाणू तो तयार करतात. हा पदार्थ आम्लारिधर्मी आहे. खाण्याचा सोडाही सौम्य आम्लारिधर्मीच. दोघे एकाच बाजूचे, मग उदासिनीकरण होणार कसं? लिंबू किंवा व्हिनेगर आम्लधर्मी आहेत. त्यांच्याशी अभिक्रिया होऊन क्षार तयार होतो. तो हवेत उडत नाही, म्हणून वास थांबतो. कोकणात मासळीला आगळ, चिंच, लिंबू लावायची पद्धत आहे, तिच्यात हेच रसायनशास्त्र आहे.

याउलट, नासलेल्या दुधाचा, खवट लोण्याचा आंबूस वास आम्लांचा असतो. तिथे सोडा उत्तम काम करतो. म्हणजे आधी वास कशाचा आहे ते ओळखायचं आणि मग उपाय निवडायचा.

साफसफाई : क्रमाने

१. प्लग काढा. सगळे पदार्थ बाहेर काढा. संशयित पदार्थ टाका. बर्फाचे खडेही टाका.
२. बर्फ आपोआप वितळू द्या. सुरी, उलथनं, पेचकस यांनी खरवडू नका. आतल्या थंड नळीला भोक पडलं तर गॅस निघून जातो. बऱ्याच नव्या फ्रिजमधला गॅस ज्वलनशील असतो.
३. काचेचे कप्पे आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार काचेवर गरम पाणी ओतलं तर ती तडकते.
४. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने सगळं धुवा. आधी चिकटपणा गेला पाहिजे.
५. आंबूस वास असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा. मासळीचा असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, किंवा लिंबाचं पाणी वापरा. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं करा.
६. दाराच्या रबराच्या घड्या, पाणी जाण्याचं छिद्र, बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि फ्रिजच्या मागे पाणी साचणारा ट्रे हमखास विसरले जातात. वास बऱ्याचदा तिथेच लपलेला असतो.
७. दार एक-दोन दिवस उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार बंद होऊन ते आत अडकणार नाही याची काळजी घ्या.
८. तरीही वास राहिला तर आत रद्दी वर्तमानपत्राचे बोळे किंवा उघड्या ताटलीत ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवा. या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. वासाचे रेणू त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात (अधिशोषण).

धोक्याची सूचना : ब्लीचिंगचं द्रावण आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

एवढं करूनही वास जात नसेल तर घाण पाणी फ्रिजच्या भिंतीच्या आतल्या थरात मुरलेलं असू शकतं. मग मेकॅनिकला दाखवणं बरं.

मुलांसाठी दोन कृती

पहिली : दोन वाट्यांत ताजं लोणी घ्या. एक उघडी ठेवा, दुसरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेजारी चिरलेला कांदा ठेवा. दोन दिवसांनी मुलांचे डोळे बांधून दोन्हींचा वास घ्यायला सांगा. झाकण का लावायचं, हे पुन्हा सांगावं लागणार नाही.

दुसरी (मासळी आणणाऱ्या घरांसाठी) : मासळी धुतल्यावर एक हात सोड्याच्या पाण्याने आणि दुसरा लिंबाने धुवायचा. मग दोन्ही हातांचा वास घ्यायचा आणि निष्कर्ष वहीत लिहायचा.

शेवटी

वास घालवणं हे काम दुसरं. वास काय सांगतोय ते ऐकणं हे काम पहिलं. त्या दिवशी मी लिंबाने फ्रीजर आधी चकाचक केला असता आणि बांगडे धुऊन परत आत ठेवले असते, तर संध्याकाळी ते आमच्या ताटात आले असते. विज्ञान मी शिकवते, पण लाल बर्फाचा थर वाचला तो सासूबाईंनी. निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. यंदा ते मला आमच्या स्वयंपाकघरात शिकायला मिळालं.