डब्यातलं कलिंगड आणि शेतातली आंब

दोस्तांनो, फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती रंगली आणि पृथ्वीराज मोहोळ यांनी मानाची गदा खांद्यावर घेतली. अशी कुस्ती पाहिली की आपणही उद्यापासून जोर-बैठका काढाव्यात, असं कुणाला वाटणार नाही? जरूर काढा! पण तालमीत किंवा जिममध्ये चार दिवस गेलात की कुणीतरी कानात सांगतंच, "नुसत्या मेहनतीनं काय होतं? डबा घे, डबा!"

दुकानात गेलं तर डबे तरी किती! एकावर लिहिलेलं असतं 'एल-आर्जिनिन', दुसऱ्यावर 'एल-सिट्रुलिन', तिसऱ्यावर 'सिट्रुलिन मॅलेट २:१'. दुकानदार विचारतो, "यातला कोणता देऊ?" उत्तर देण्याआधी या डब्यांत आहे तरी काय, ते आपण पाहू या. डबा स्वस्त नसतो आणि त्याचे पैसे आई-बाबांच्या घामाचे असतात.

कलिंगडातून निघालेलं नाव

ही तिन्ही नावं अमिनो आम्लांशी जोडलेली आहेत. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या विटांनी बांधली जातात. गंमत म्हणजे सिट्रुलिन या विसांत बसतच नाही! म्हणजे ते अमिनो आम्ल आहे खरं, पण स्नायूंच्या भिंतीत त्याची वीट लागत नाही.

मग ते सापडलं कुठं? कलिंगडात! १९१४ साली कोगा आणि ओडाके या जपानी संशोधकांनी ते कलिंगडाच्या रसातून वेगळं काढलं. पुढे १९३० मध्ये वाडा या शास्त्रज्ञानं त्याची रचना नक्की केली. कलिंगडाचं शास्त्रीय नाव सिट्रुलस, म्हणून हे सिट्रुलिन. कलिंगडाच्या एक किलो गरात, जातीप्रमाणे, साधारण एक ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत सिट्रुलिन असतं. सालीच्या आतला जो पांढरा भाग आपण फेकून देतो, त्यातही ते असतं. त्या पांढऱ्या भागाची भाजी किंवा थालीपीठ करणारी आजी हुशारच म्हणायची!

मग त्याचं काम काय?

सिट्रुलिन पोटात गेलं की मूत्रपिंडं त्याचं आर्जिनिन बनवतात. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. या वायूमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त मोकळेपणानं वाहतं. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना १९९८ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

तुम्ही म्हणाल, मग थेट आर्जिनिनच का खाऊ नये? कारण खाल्लेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडं आणि यकृत वाटेतच संपवून टाकतात. सिट्रुलिन मात्र या नाक्यांवरून सहीसलामत पुढं सरकतं. म्हणून रक्तातलं आर्जिनिन वाढवायला आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिनच जास्त उपयोगी पडतं. आर्जिनिन एकदम जास्त घेतलं तर पोटही बिघडतं.

आणि हे मॅलेट?

सिट्रुलिनला मॅलिक आम्लाची जोड दिली की झालं सिट्रुलिन मॅलेट. मॅलिक आम्ल म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल. पण त्यासाठी काश्मीरला जायला नको! हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालत गेलात तर पाय ओले होतात आणि पानाला जीभ लावली तर आंबट लागते. हीच हरभऱ्याची आंब. शेतकरी पहाटे पिकावर स्वच्छ फडकं फिरवून ते पिळतात आणि आंब गोळा करतात. या आंबेतही मॅलिक आम्ल असतं.

आता थोडं गणित करू. '२:१' म्हणजे दोन भाग सिट्रुलिन, एक भाग मॅलेट. हे भाग वजनाचे धरले तर ६ ग्रॅम पावडरीत सिट्रुलिन भरलं ४ ग्रॅम. डब्यावर '१:१' असेल तर ६ ग्रॅममध्ये ३ ग्रॅमच! आणि नुसत्या एल-सिट्रुलिनच्या ६ ग्रॅममध्ये जवळजवळ सहाच्या सहा ग्रॅम. म्हणजे डबा मोठा म्हणून आतला माल जास्त, असं मुळीच नाही. दोन डब्यांची तुलना करायची तर एका ग्रॅम सिट्रुलिनला किती रुपये पडले, ते काढायचं.

नावापुढचं 'एल' काय सांगतं? डावा आणि उजवा हात दिसायला सारखे, पण उजव्याचा मोजा डाव्याला नीट बसत नाही. बहुतेक अमिनो आम्लांचेही असे दोन अवतार असतात, 'एल' आणि 'डी'. आपलं शरीर 'एल' वापरतं. 'डीएल' लिहिलं असेल तर दोन्हींची मिसळ समजावी.

खरा प्रश्न वेगळाच आहे

इतकं कळल्यावर "कोणता डबा?" याचं उत्तर मोठ्या माणसाला देता येईल. पण मोठ्या माणसांवर झालेल्या प्रयोगांतही सगळ्यांचा निकाल सारखा नाही. काहींमध्ये व्यायामाची आवर्तनं थोडी वाढली, काहींमध्ये काहीच फरक पडला नाही. तुमच्या वयाच्या मुलामुलींवर तर पुरेसा अभ्यासच झालेला नाही. शिवाय सिट्रुलिननं स्नायू बांधले जात नाहीत, हे आपण पाहिलंच. मग वाढत्या वयात हा खर्च कशाला?

विटा हव्यात तर त्या ताटात आहेत. शंभर ग्रॅम हरभऱ्यात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, एका अंड्यात सहा, मोठ्या पेलाभर दुधात आठ. बाजरीत लायसिन ही वीट कमी पडते, डाळीत मेथिओनिन कमी पडतं. पण भाकरी आणि डाळ एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. 'विजय', 'दिग्विजय' हे हरभऱ्याचे वाण तिथलेच. पैलवानाला शोभतील अशीच नावं, नाही का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असंच सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. सिट्रुलिनवर खेळात बंदी नाही. पण काही डब्यांत चिठ्ठीवर न लिहिलेली बंदी असलेली द्रव्यंही सापडतात. आणि नियम कडक आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच! २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंह यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पोचले होते. चाचणीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं. कुणीतरी आपल्या खाण्यापिण्यात ते मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. भारतातल्या संस्थेनं ते मानलं, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही. चार वर्षांची बंदी आली आणि ऑलिंपिकची कुस्ती राहिली ती राहिलीच.

आई-बाबांसाठी

मुलानं डब्याचा हट्ट धरला तर रागावू नका, डबा हातात घेऊन दोघं मिळून वाचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का? प्रत्येक घटक किती ग्रॅम ते वेगवेगळं लिहिलं आहे, की सगळ्यांची एकच गुप्त मिसळ दाखवली आहे? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्यांनी विशेष जपावं, कारण सिट्रुलिननं रक्तदाब उतरू शकतो.

आणि दोस्तांनो, आज रात्री मूठभर हरभरे भिजत घाला. सकाळी जोर-बैठका झाल्या की चावून चावून खा. उन्हाळा असेल तर वर कलिंगडाची एक फोड. पाहा बरं, वस्ताद काय म्हणतात ते!