अंधारात हाक मारता येईल असं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी बरीच वर्षं महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवलं. निवृत्तीनंतर माझ्याकडे कोण काय विचारायला येईल याचा नेम राहिलेला नाही. कुणी नातवाचा निबंध घेऊन येतं, कुणी लग्नपत्रिकेतलं इंग्रजी तपासून मागतं. अलीकडे एक नवीनच मागणी सुरू झाली आहे. 'सर, आम्ही काळं पिल्लू आणलंय. त्याला एखादं गॉथिक नाव सुचवा ना. जरा गूढ, जरा भीतिदायक. ड्रॅक्युला किंवा सैतान कसं वाटतं?'

आता आपण म्हणाल, कुत्र्याचं नाव ते काय, त्यावर भाषण कसलं करायचं? पण हिशेब करून पाहा. कुत्रा दहा-बारा वर्षं आपल्या घरात राहतो. दिवसातून पंचवीस वेळा हाक मारली, तरी एका आयुष्यात लाखभर हाका होतात. शेजारी, पोस्टमन, लिफ्टमधली लहान मुलं, जनावरांचे डॉक्टर, सगळे त्याला त्या नावानं ओळखतात आणि त्या नावावरून त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवतात. त्यामुळे विचार करून ठेवावी अशीच ही गोष्ट आहे.

आधी 'गॉथिक' म्हणजे काय ते पाहू. गॉथ ही युरोपातली एक जमात. इसवी सन ४१० मध्ये त्यांनी रोम लुटलं. पुढे हजारएक वर्षांनी इटलीतल्या मंडळींनी उंच टोकदार कमानींच्या जुन्या चर्चना 'गॉथिक', म्हणजे रानटी लोकांचं बांधकाम, असं हिणवायला सुरुवात केली. शिवी म्हणून निघालेला शब्द पुढे कौतुकाचा झाला. आपल्या मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत आहे, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. त्यांच्या टोकदार कमानी आणि भिंतींतून डोकावणारी दगडी जनावरं ही या शैलीचीच एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती. लोकलनं येणारा-जाणारा मुंबईकर रोज गॉथिकच्या पोटातून जातो, फक्त त्याला ते नाव ठाऊक नसतं.

वाङ्‌मयात हा शब्द आणला होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थानं. त्याची 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' ही कादंबरी १७६४ च्या डिसेंबरात निघाली आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर त्यानं 'गॉथिक कथा' असं छापलं. पडका किल्ला, भुयार, शाप, चालतं-बोलतं चित्र, असा सगळा सरंजाम त्यात होता. पुढची दीडशे वर्षं इंग्रजीत या सरंजामावर कथा-कादंबऱ्यांचं पीक आलं.

मग या गॉथिक मंडळींनी आपापल्या घरातल्या कुत्र्यांना काय नावं दिली होती? गंमत तिथेच आहे.

वॉलपोलच्या पहिल्या लाडक्या कुत्र्याचं नाव 'टोरी'. काळा, गुबगुबीत, छोटा स्पॅनियल. वॉलपोलचे वडील तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान होते आणि व्हिग पक्षाचे होते. टोरी हा विरोधी पक्ष! म्हणजे चिरंजीवांनी विरोधी पक्ष मांडीवर घेतला होता. १७३९ साली आल्प्स पर्वत ओलांडताना वॉलपोलच्या डोळ्यांदेखत एका लांडग्यानं या टोरीला उचलून नेलं. पुढच्या कुत्र्यांची नावं होती 'पातापान' आणि 'तोंतों'. भुयारं आणि शाप लिहिणाऱ्या माणसाच्या घरी अशी बाळबोध नावं होती.

दुसरा लॉर्ड बायरन. १८१६ साली जिनिव्हा सरोवराकाठी याच्याच घरी भुताच्या गोष्टी लिहायची टूम निघाली आणि त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' जन्माला आली. पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर' ही कथाही तिथलीच. या बायरनच्या न्यूफाउंडलंड जातीच्या मोठ्या कुत्र्याचं नाव 'बोसन'. बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. आपल्याकडच्या दर्यावर्दी लोकांत त्याला 'सारंग' म्हणतात. हा सारंग नोव्हेंबर १८०८ मध्ये पिसाळून मेला. तेव्हा रेबीजची लस नव्हती, ती पाश्चरनं १८८५ मध्ये आणली. बायरननं त्याची शेवटपर्यंत सेवा केली आणि न्यूस्टेड इथं त्याची समाधी बांधली. ती अजून उभी आहे आणि खुद्द बायरनच्या थडग्यापेक्षा मोठी आहे.

तिसरी एमिली ब्राँटे, 'वुदरिंग हाइट्स'ची लेखिका. १८४७ च्या या कादंबरीत कुत्रे पुष्कळ आहेत आणि त्यांची नावं अंगावर काटा आणणारी आहेत. एक 'स्कल्कर', म्हणजे दबा धरून बसणारा. एक 'थ्रॉटलर', म्हणजे गळा आवळणारा. एक 'नॅशर', म्हणजे करकर दात खाणारा. ज्या घरात माणसं एकमेकांच्या नरड्याला लागली आहेत, त्या घरांतली ती नावं. पण यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी एमिलीच्या स्वतःच्या पायाशी बसणारा दांडगा कुत्रा होता, त्याचं नाव 'कीपर'. म्हणजे राखणारा. १८४८ च्या डिसेंबरात एमिली गेली, तेव्हा कीपर घरच्यांबरोबर तिच्या अंत्ययात्रेत चालला. त्याचा पितळी पट्टा आज तिथल्या संग्रहालयात आहे. ज्या लेखिकेला गळा आवळणारं नाव सहज सुचत होतं, तिनं घरात हाक मारायला ते वापरलं नाही.

मग गॉथिक कथांमधले खरे भीतिदायक कुत्रे कोणते? ते आठवून पाहा. 'ड्रॅक्युला' ही १८९७ ची कादंबरी. व्हिटबीच्या बंदरात वादळी रात्री एक जहाज येऊन धडकतं, सुकाणूला मेलेला कप्तान बांधलेला असतो आणि जहाजातून एक प्रचंड कुत्रा उडी मारून अंधारात नाहीसा होतो. गावातले प्राणिमित्र नंतर त्याला बिचारा समजून शोधत फिरतात! त्या कुत्र्याला नाव नाही. कॉनन डॉयलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' १९०२ मध्ये पुस्तकरूपानं आली. तोंडाला चमकणारं रसायन फासून दलदलीत सोडलेला तो शिकारी कुत्रा साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्यालाही नाव नाही. ज्यानं तो लंडनमधून विकत आणला, त्यानं त्याला हत्यार म्हणून वापरलं, आणि हत्याराला कोण नाव ठेवतो? एवढंच कशाला, फ्रँकेन्स्टाईन हे नाव आपण ज्या राक्षसाला चिकटवतो, ते त्याचं नाहीच. ते त्याला घडवणाऱ्या तरुणाचं आडनाव. त्या बिचाऱ्या जिवाला कादंबरीभर कुणी नावच दिलं नाही. जन्मदात्यानं डोळे उघडताच टाकून दिलेला तो जीव, पुढे राक्षस झाला.

माझ्या मते गॉथिक वाङ्‌मयाचं एक मर्म इथं आहे. भीती असते ती निनावी गोष्टीची. जिला नाव मिळालं ती घरात आली.

हे सगळ्यांत सुंदर दाखवलं आहे एमिलीची बहीण शार्लट हिनं, 'जेन एअर'मध्ये. थंडीच्या दिवसांत, संध्याकाळी, एकाकी रस्त्यावर जेन एकटी आहे. घोड्याच्या टापा ऐकू येतात आणि झाडीतून एक मोठा काळा-पांढरा कुत्रा सरपटल्यासारखा पुढे येतो. लहानपणी दाईनं सांगितलेलं 'गायट्रॅश' नावाचं भूत तिला आठवतं. ते असंच मोठ्या कुत्र्याच्या रूपात वाटसरूंना गाठतं. मग मागून स्वार येतो, त्याचा घोडा बर्फावरून घसरतो आणि तो कुत्र्याला हाक मारतो, 'पायलट!' थोड्या वेळानं जेन घरी परतते. शेकोटीपुढच्या सतरंजीवर तसाच एक कुत्रा बसलेला. ती पुढे होऊन नुसतं म्हणते, 'पायलट', आणि तो उठून तिच्याजवळ येऊन तिला हुंगतो. भुताचा कुत्रा व्हायला एक हाक पुरली.

हे पुस्तकातच घडतं असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एका कुटुंबानं रस्त्यावरचं काळं पिल्लू आणलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला नाव हवं होतं 'डेव्हिल'. आजींना घरात काळं कुत्रंच नको होतं, अपशकुन म्हणून. महिनाभर त्या त्याला 'ते' म्हणायच्या. 'ते पुन्हा दारात बसलंय बघा.' मुलगा माझ्याकडे नाव विचारायला आला, तेव्हा मी त्याला ही जेनची गोष्ट सांगितली. त्यांनी नाव ठेवलं पायलट. आजींच्या तोंडी ते 'पायल्या' झालं. पुढे मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला. आता संध्याकाळी जिन्यातून जी हाक येते, ती आजींची असते. डेव्हिल म्हणून त्यांनी कधी हाक मारली असती, असं मला वाटत नाही. आणि ज्याला घरातलं माणूस हाक मारत नाही, तो कुत्रा बहुधा गच्चीवर साखळीला बांधलेला राहतो.

तेव्हा ज्यांना गॉथिक नावच हवं आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, नाव दोन अक्षरी, फार तर तीन अक्षरी असावं. कुत्रा अर्थ ऐकत नाही, आवाज ऐकतो. फ्रँकेन्स्टाईन म्हणून होईस्तोवर तो रस्ता ओलांडून गेलेला असेल. 'ओट्रांटो'चं ओट्टो करा, 'हीथक्लिफ'चं हीथ करा.

दुसरी, नावाचा आवाज आपल्या रोजच्या हुकुमांसारखा नको. एडगर ॲलन पो मोठा लेखक, पण 'पो' आणि 'नो' कुत्र्याच्या कानाला जवळजवळ सारखेच. बिचारा कायम गोंधळात राहील. त्याऐवजी त्याच कवीचा डोमकावळा घ्या, 'रेवन'. काळ्या कुत्र्याला शोभतं आणि स्पष्ट ऐकू जातं.

तिसरी, शेजाऱ्यांचा विचार. 'ड्रॅक्युला'तली मिना मोठी धीराची बाई, पण आपल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी मीनाताई असतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'ब्लॅक शक' नावाच्या भुताळी काळ्या कुत्र्याची दंतकथा आहे. १५७७ साली तो बंगे गावच्या चर्चमध्ये शिरला असं सांगतात आणि आज त्या गावानं त्याला हौसेनं आपल्या मानचिन्हावर घेतलं आहे. नाव झकास आहे, पण मराठी घरात 'शक' म्हटलं की कुणावर, असा प्रश्न येणार.

चौथी आणि महत्त्वाची. सैतान, किलर, डेव्हिल असली नावं आपल्याला गंमत वाटतात, पण ती भोगावी लागतात कुत्र्याला. लिफ्टमध्ये समोरचा माणूस आधीच अंग चोरतो, लहान मूल रडतं, आणि उद्या कुणाला नुसतं नख लागलं तरी लोक म्हणतात, 'नावच बघा ना काय आहे!' त्याच्या बाजूनं बोलायला त्याच्यापाशी शब्द नसतात. निदान नाव तरी त्याच्या विरुद्ध साक्ष देणारं नसावं.

इंग्रजीच कशाला, आपल्याकडेही अंधारातली नावं थोडी नाहीत. मात्र जपून. वेताळ हे भूतांचं नाव म्हणून काहींना सुचतं, पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा पुजला जाणारा देव आहे. काळभैरवाचं तर कुत्रा हे वाहनच. देवाचं नाव वाहनाला देऊ नये, कुणाचं तरी मन दुखावतं. पण 'राखणदार' पाहा. कोकणात जागेची, वाडीची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला राखणदार म्हणतात. एमिली ब्राँटेच्या कीपरचं याहून चांगलं मराठी मला सापडलेलं नाही. हाक मारायला 'राखण्या' म्हणा. बायरनची आठवण ठेवायची तर 'सारंग' आहेच. काळ्याभोर मादीला 'काजळ' किंवा 'सावली' शोभेल. यात गूढही आहे आणि माया पण आहे.

नाव पक्कं करण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. घरातल्या सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाकडून ते उच्चारून घ्या. मग रात्री दहा वाजता, दिवे गेलेले असताना, फाटकाशी उभं राहून ते मोठ्यानं तीनदा म्हणून पाहा. फटाक्यांना घाबरून पळालेल्या कुत्र्याला शोधायला कधी तरी अशीच हाक मारत फिरावं लागतं. त्या वेळी गल्लीतल्या खिडक्या उघडाव्यात, बंद होऊ नयेत, असं नाव ठेवा.