आधी ढील, मग टाका

सोनोग्राफीच्या पडद्यावर कुशीतल्या पोटाच्या भिंतीचे तीन स्नायू दिसतात : पांढऱ्या रेघांमधले तीन राखाडी पट्टे. त्यांच्याखाली आतडी वळवळत असतात. सुई तिरकी आत येते, औषध सुटलं की तिथला पट्टा किंचित फुगतो. रुग्ण जागाच असतो. बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये, प्रत्येक कुशीत साधारण तीन ठिकाणी, थरामागून थर. औषध बोटॉक्स, सुरकुत्या घालवणारं तेच.

हा खटाटोप मोठ्या हर्नियासाठी. जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून पोट फाकतं, आतडी कातडीखालच्या पिशवीत उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच नांदतात. इकडे कुशींचे स्नायू आखडतात, फटीच्या कडा आपापल्या बाजूला ओढत राहतात. बाहेर राहायला गेलेल्यांची घरातली जागा आक्रसून जावी, तसंच हे. नुसती जाळी बसवून भागत नाही. कडा जबरदस्तीने जुळवल्या तर पोटातला दाब वाढतो, श्वासपटल वर ढकललं जातं, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो.

अर्जेंटिनाचे सर्जन गोनी मोरेनो यांनी १९४०च्या दशकात पोटात रोज थोडी हवा भरून ही जागा वाढवायचा मार्ग काढला. १९९०मध्ये रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी स्नायूंचे थर सोडवून कडा मध्यावर आणण्याची पद्धत मांडली. ती आजही उपयोगी आहे, पण एकदा कापलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. २००९मध्ये मेक्सिकोतल्या इबारा-उर्तादो आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला : ऑपरेशनआधी बोटॉक्स टोचल्यावर फट सरासरी ५ सेंटिमीटरहून अधिक अरुंद झाली होती. कात्रीचं काम काही अंशी सुईने केलं होतं.

बोटॉक्समधलं, नासक्या सॉसेजमधून माणसं मारणारं हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप अडवतं. स्नायू शाबूत राहतो, फक्त हुकूम पोचत नाही. दोन-तीन दिवसांत ढील सुरू होते, पूर्ण परिणामाला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून इंजेक्शन ऑपरेशनच्या दोन ते चार आठवडे आधी. सोनोग्राफी हवी, कारण थर पातळ असतात, हर्नियाने त्यांच्या जागा सरकलेल्या असतात आणि आतड्याला सुई लागून चालत नाही. पोटाचे मधले उभे स्नायू मात्र सहसा मोकळे सोडतात. कुणीतरी धड सावरायला हवंच.

औषध महाग आहे, हा वापर औषधाच्या अधिकृत परवान्याबाहेरचा आहे आणि फुप्फुसांचा जुना आजार असेल तर सर्जन दहादा विचार करतो, कारण ढिल्या पोटाने खोकताना जोर लागत नाही. स्नायू आधीच दुबळे असलेल्या मायस्थेनियाच्या रुग्णाला तर ते टाळलंच जातं. कारण ढिल्या पोटाने खोकताना जोर लागत नाही.

पण ऑपरेशननंतर हीच ढील कामी येते. परिणाम ओसरायला काही महिने लागतात. टाके ओले असताना खोकल्याचा झटका त्यांच्यापर्यंत पोचतो, तो सौम्य होऊन.