साग वर्षभरात वाढत नाही!

आलापल्लीच्या जंगलातला साग तोडणीला यायचा तर साठ-ऐंशी वर्षे थांबावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत हे शेंबडे पोरही सांगेल. पण १९९० च्या दशकात हाच साग कागदावर धडाधड वाढला! ‘थोडे पैसे भरा, सागाचे मालक व्हा, लखपती व्हा’ अशा जाहिराती देशभर झळकल्या. चेन्नईची अनुभव प्लांटेशन्स १९९८ मध्ये बुडाली. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले. तरी पुढे शेतजमिनीच्या नावावर पीएसीएलने पैसा गोळा केलाच. २०१४ मध्ये सेबीने तिला तो परत करायला सांगितला, तेव्हा आकडा होता ४९,१०० कोटी रुपये आणि ग्राहक सुमारे ५.८५ कोटी!

आता एजंट दारात येत नाही, मोबाइलवर येतो. न विचारता ‘टिप’ देतो. ठगांनी चिल्लर भावाचे शेअर आधीच घेऊन ठेवलेले असतात. हजारो लोकांना मेसेज जातो, सगळे खरेदीला धावतात, भाव चढतो. तेवढ्यात ठग आपला माल आपल्याच गळ्यात मारून मोकळे! मग विकायला जावे, तर घेणारा कोणी नाही.

दुसरा प्रकार खोट्या अॅपचा. त्यात नफा फक्त पडद्यावर दिसतो. काढायला गेलात की आधी ‘टॅक्स’ मागतात.

आपण इंजिनिअरिंगवाले, जरा गणित करू. महिन्याला दामदुप्पट धरली, तर १० हजारांचे वर्षात ४ कोटी ९ लाख ६० हजार व्हायला हवेत. ज्याला हे जमते, तो तुमच्या १० हजारांच्या मागे कशाला लागेल?

म्हणून एवढे कराच :

१) सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. त्याने पाठवलेले प्रमाणपत्र पुरावा नव्हे.

२) शेअरसाठी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकू नका.

३) घेतलेला शेअर साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डीमॅट खात्यात येतो. तो अॅपवर नव्हे, एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या नोंदीत पाहा.

४) फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसार!

आणि हो, निवृत्तीला आलेल्या आपल्या कर्मचारी काकांनाही हे जरूर सांगा. फंडाची रक्कम हातात पडते, तेव्हाच असे फोन जास्त गोड वाटतात.