लाकडाचे रेशीम

गेल्या ईदच्या आठवडाभर आधी आमच्या घरी एका कुर्त्यावरून वाद झाला. दुकानदाराने तो 'आर्ट सिल्क' म्हणून दिला होता. अब्बा म्हणाले, "पुरुषाला रेशीम चालत नाही, परत करून या." अम्मी म्हणाल्या, "खरे रेशीम या किमतीत मिळते का कुठे?" शेवटी आतली पट्टी वाचली. तिच्यावर लिहिले होते, शंभर टक्के व्हिस्कोस.

पुरुषांना मनाई आहे ती किड्याच्या कोशापासून निघणाऱ्या रेशमाची. व्हिस्कोस म्हणजेच रेयॉन झाडाच्या लाकडापासून होते, म्हणून ते त्या मनाईत येत नाही, असे उलेमा सांगतात. मशिदीत विचारून आल्यावर अब्बांनी कुर्ता ठेवून घेतला.

लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यात कार्बन डायसल्फाइड मिसळतात. मग मधासारखा दाट पाक होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की त्याचे धागे बनतात. ही रीत 1892 मध्ये इंग्लंडात क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी शोधली. आपल्याकडे मध्य प्रदेशातील नागद्याला 1954 पासून हा तंतू तयार होतो आणि भिवंडीच्या मागांवर त्याचे कापड विणले जाते. 'बांबूचे कापड' म्हणून महाग विकतात तेही बहुधा व्हिस्कोसच असते. मोडाल आणि लायोसेल ही याच घराण्यातली, पण ओली असताना जास्त टिकाऊ.

ईद झाली. कुर्त्यावर शीरखुर्मा सांडलेला. आम्ही तो सुती कपड्यासारखा गरम पाण्यात रात्रभर भिजवला, दगडावर बडवला आणि दोघींनी मिळून पिळला. वाळल्यावर पाहिले तर चार बोटे आखूड, आणि काखेतली शिवण उसवलेली.

चूक आमचीच होती. सुती धागा ओला झाला की उलट थोडा बळकट होतो. व्हिस्कोसचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे वाळलेला असताना हे कापड रोज वापरा, बिनधास्त वापरा. जपायचे ते ओले असताना. वुजू करताना ओली बाही ओढून वर सारण्याची सवय असेल तर तीही सोडावी, आधीच नीट दुमडून घ्यावी.

आता आम्ही असे कपडे गार पाण्यात, सौम्य साबणाने, पाच-दहा मिनिटांत हाताने धुतो. पिळत नाही. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबतो आणि सावलीत आडवे पसरतो, कारण ओली ओढणी दोरीवर टांगली की स्वतःच्याच वजनाने लांबते. इस्त्री उलट्या बाजूने, थोडा दमटपणा असतानाच, मध्यम आचेवर. ड्रेसचे कापड आणले तर शिवायला देण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढावे. आकसायचे ते तेव्हाच आकसू द्यावे. पावसाळ्यात कोकणातल्या घरांनी हे कपडे खळ घालून पेटीत ठेवू नयेत, कसर लागते आणि बुरशीही धरते.

पट्टी नसेल तर कडेचा एक धागा ओला करून ओढून पाहावा. सहज तुटला तर रेयॉन समजावे. जाळून पाहिल्यास त्याला कागदासारखा वास येतो, खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा, आणि पॉलिस्टरची कडक गोळी होते.

अब्बांचा तो कुर्ता उसवलेली शिवण घालून धाकट्या भावाला दिला. जुम्म्याला तो हाच घालून जातो.