जुनी रायफल अडली तर

खोपोलीत कुणाकडे जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असेल, तर ती बहुधा इशापूरच्या रायफल फॅक्टरीतली .३१५ बोअरची, ली-एनफील्डच्या धर्तीवरची. कारखाना पश्चिम बंगालमध्ये. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कानपूरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहे.

बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. जुन्या रायफलीत बोल्ट आणि बॉडीवरचे क्रमांक जुळतात का, ते आधी पाहा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला की काडतुसामागचे अंतर बदलते आणि पितळी कवच फाटू शकते. कानस घेऊन बसणारा हौशी मिस्त्री इथे नकोच.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. कलम ३ मध्ये मात्र एक सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीला नेऊ शकते. रायफल राज्याबाहेर पाठवण्याआधी परवान्यावरचे क्षेत्र वाचा. ते महाराष्ट्रापुरतेच असेल, तर आधी अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.