फियाटचा श्वास

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून कायमची गेली. घरोघरी तिला ‘फियाट’च म्हणत. हौशी मंडळींनी मात्र ती अजून जिवापाड सांभाळली आहे. घाट लागला की त्यांची एकच तक्रार असते: गाडी उचलत नाही. मग कोणी मोठा कार्बोरेटर बसवायला सांगतं, कोणी जाड सायलेन्सर. मला हे दोन्ही सल्ले अर्धवट वाटतात.

इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. 5000 आरपीएमला ते पूर्ण भरून श्वास घेईल, तर मिनिटाला सुमारे 2,700 लिटर हवा ओढेल. ती आत जितक्या सहज येते तितक्याच सहज बाहेर गेली, तरच खर्चाचं चीज होतं.

कार्बोरेटरमधल्या पितळी मेन जेटवर 120 असा आकडा असेल, तर भोक 1.20 मिलिमीटरचं. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा जेट ‘जरा मोकळा’ करून दिला होता, बारीक ड्रिल फिरवून. 1.20चं 1.30 झालं, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ तब्बल 17 टक्क्यांनी वाढलं! आठवड्यात प्लग काजळीने काळेभोर झाले आणि मायलेज गेलं ते गेलंच. जेट कोरू नये, पुढच्या नंबरचा नवा घ्यावा.

मोठ्या कार्बोरेटरचंही तसंच. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येतं. गळा फार रुंद केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारत नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. म्हणून दोन गळ्यांचा कार्बोरेटर मला पटतो: रोजच्या चालीला एकच गळा उघडतो, अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबला की दुसरा.

आता सायलेन्सरची बाजू. स्फोटांचा क्रम 1-3-4-2. एक नंबरचा सिलिंडर धूर बाहेर टाकण्याच्या शेवटाला आलेला असतानाच तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडतो. चारही तोंडं आखूड मॅनिफोल्डमध्ये लगेच एकत्र आली, तर तीनचा झोत एकच्या वाटेत येतो. म्हणून चांगल्या हेडरमध्ये 1 आणि 4ची जोडी, 2 आणि 3ची जोडी करतात, आणि त्या दोन नळ्या पुढे एकात मिळवतात. जोडीतल्या दोन झोतांमध्ये मग क्रँकचा पूर्ण फेरा जातो. नळी गरजेपेक्षा जाड घेतली, तर धुराचा वेग मरतो. वाढतो तो फक्त आवाज, आणि तो शेजाऱ्यांना भोगावा लागतो.

या कामाला हात घालण्याआधी कॉम्प्रेशन, टॅपेट आणि टायमिंग तपासून घ्या; दमलेल्या इंजिनाला नवा कार्बोरेटर काय करणार? नंतर हेडर आणि सायलेन्सर. जेट सगळ्यांत शेवटी, कारण धूर मोकळा झाला की हवेचा हिशेब बदलतो. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत हवा, तेही लक्षात असू द्या.

सगळं बसवून झालं की गाडी रिकाम्या सरळ रस्त्यावर थोडी दामटा, बाजूला घेऊन बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढून पाहा. चिनी मातीवर फिकट तपकिरी रंग असेल, तर जेट जमला. पांढराफटक असेल, तर पुढचा नंबर लावा आणि पुन्हा एक चक्कर मारून या.